तारे बघायला नाशिकबाहेर कुठं जायचं?
गंगापूर धरण जवळ पडतं म्हणून सगळे तिकडंच पळतात, पण तिथून पूर्वेला शहराचा उजेड एवढा की उगवणारं काही धड दिसत नाही, वर थंडीत दवाने दुर्बिणीची काच ओली होते ती कटकट वेगळीच. वृश्चिक, धनू बघायचे तर सरळ घोटी-इगतपुरीकडं निघा, उजेड मागं ईशान्येला राहतो अन् दक्षिण मोकळी मिळते. फक्त एप्रिल-मेमध्येच उरका, जूननंतर तिकडं नुसते ढग! ध्रुवतारा आपल्याकडं जेमतेम २० अंशांवर, उत्तरेला डोंगर आडवा आला की गेलाच. आणि अमावास्येच्या आसपास जा, पोचल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत २०-३० मिनिटं मोबाईल खिशातच ठेवा राव, टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळला तरी भागतं.