जुन्या एमटीबीला घाटाचा गिअर

शहाद्याहून तोरणमाळला सायकलने जायचं तर खरा कस शेवटच्या घाटात लागतो. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. माझी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जुनी, २६ इंची चाकांची. पुढे तीन चकत्या, ४२-३४-२४ दातांच्या, आणि मागच्या चाकावर सात चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील. केळी-पपईच्या शिवारातून फिरायला एवढं भरपूर होतं, पण घाटात सगळ्यात हलक्या गिअरवरही पाय अडायचे, गुडघे भरून यायचे. दुकानात विचारलं की एकच उत्तर, "आता नवीच घ्या." फ्रेम धडधाकट, चाकं सरळ. ती सायकल मला काढायची नव्हतीच.

मग कागद-पेन घेऊन बसलो. चाकाचा घेर सुमारे २०५ सेंटिमीटर. पुढे २४, मागे २८ असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल १.७६ मीटर पुढे जाते. मागे ३४ दात आले तर १.४५ मीटर. मिनिटाला साठ फेऱ्यांनी वेग ताशी ६.३ किलोमीटरवरून ५.२ वर येतो, म्हणजे चढावर वेग पडला तरी पाय फिरते राहतात. आणि मागची १४ दातांची चकती तशीच राहिल्याने सपाटीवरचा वेगही जात नाही.

पुढची लहान चकती बदलता आली असती तर बरं झालं असतं, पण माझ्या क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) चकत्या रिव्हेट मारून बसवलेल्या. हल्ली ११-४० चे कॅसेट (खाचांच्या हबवर सरकवून बसवायचे गठ्ठे) मिळतात, तेही जुन्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसत नाहीत, कारण जुन्या हबवर आटे पाडलेले असतात आणि फ्रीव्हील त्या आट्यांवरच फिरवून बसवतात. म्हणून शिमानोचं १४-३४ मेगारेंज घेतलं: १४-१६-१८-२०-२२-२४ आणि मग एकदम ३४. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा जुना डिरेलर २८ दातांपर्यंतचाच, त्यामुळे शिमानोचाच लांब पिंजऱ्याचा टूर्नी डिरेलर घेतला. तो ३४ दात पेलतो आणि त्याची क्षमता, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चकत्यांच्या दातांमधला फरक मिळून तो सांभाळू शकेल तेवढा आकडा, ४३ आहे. मला लागत होती ३८: पुढचा फरक १८, मागचा २०. पैसे देण्याआधी ही बेरीज करून बघाच. हँडलवरचा सात गिअरचा शिफ्टर मात्र तोच चालला.

सगळ्यात चिवट काम जुनं फ्रीव्हील काढण्याचं. पॅडल मारताना ते आणखी आवळलं जातं, त्यामुळे वर्षानुवर्षांत पार बसून जातं. काही ठिकाणी छिन्नी-हातोड्याने ठोकून काढतात; ते मला अजिबात मान्य नाही. लेथच्या दुकानातल्या आप्पांकडे मोठा व्हाइस (टेबलावरचा पकडशेगडा) आहे, तिथे चाक घेऊन गेलो. "व्हई जाई, भाऊ," एवढंच म्हणाले. खाचांचा रिमूव्हर फ्रीव्हीलमध्ये बसवला, निसटू नये म्हणून एक्सलचा नट वरून हलका लावला, रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडला आणि दोघांनी दोन बाजूंनी चाकच डावीकडे फिरवलं. आधी काहीच हललं नाही. मग कडकन आवाज झाला आणि ते सुटलं. लगेच नट सैल केला, नाहीतर त्याच्यावरच जोर येतो. आटे रॉकेलने पुसून काढले, चांगलं ग्रीस लावलं आणि नवं फ्रीव्हील हातानेच फिरवत बसवलं.

चेनही नवीच टाकली. डिरेलरमधून न ओवता मोठ्या चकतीवरून आणि मागच्या ३४ वरून गुंडाळली, वर दोन कड्या धरल्या आणि तिथे तोडली. मग डिरेलर आत किती जाईल ते ठरवणारा एल स्क्रू असा लावला की चेन ३४ वर चढेल, पण स्पोकमध्ये जाणार नाही. डिरेलर चकत्यांपासून लांब करणारा बी स्क्रू आवळत गेलो, तेव्हा कुठे डिरेलरचं वरचं छोटं चाक ३४ च्या दातांना घासायचं थांबलं.

२४ वरून ३४ ही उडी मोठी आहे, ती पायाला जाणवते. चढ अंगावर यायच्या आत, पॅडलवरचा जोर जरा सोडून गिअर टाकला तर चेन नीट चढते. ऐन चढात जोर लावून टाकला तर करकरते. पण एकदा बसली की तोरणमाळच्या वळणांवर मी बसल्या बसल्या, बोलत चढतो. पूर्वी त्याच वळणांवर उतरून सायकल ढकलावी लागायची. नवी केबल थोड्या दिवसांत ताणली जाते, तेव्हा डिरेलरजवळचा बॅरल (केबलचा ताण लावायचा गोल स्क्रू) अर्धा फेरा डावीकडे फिरवायचा. आणि घाट चढायला लागलात म्हणजे तो उतरायचाही आहे, तेव्हा जुने ब्रेकपॅड त्याच फेरीत बदलून घ्या.