दीड महिन्याचा डोस आणि सोबत आलेली माणसं

दीड महिन्याच्या डोसाला बाळ घेऊन बाई आली, की पाळणा लांबवण्याचं बोलायला तीच खरी वेळ. पण ती एकटी येतच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सोबत आई. आई म्हणते, "सिस्टर, आम्ही कोण ठरवणार? सासरच्यांना विचारू दे." सासरी गेली की सासूबाई म्हणतात, "एक मुलगा होऊ दे, मग काय ते करा." चुलत सासूनं तर कुणाची तरी तांबी पोटात वर सरकल्याचं ऐकलेलं असतंच. आणि जिच्या पोटाचा प्रश्न, ती बाळाला थोपटत गप्प. सोलापूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. हे गप्प बसणं मला फार लागतं.

म्हणून बऱ्याच जणी 'अंतरा' मागतात. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट, घरात गोळ्यांचं पाकीट सापडायची भीती नाही. कार्डसुद्धा आशाताईकडेच ठेवतात. पण अंतरानं पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते. त्यात अपाय काही नाही, इंजेक्शन थांबवलं की काही महिन्यांत पाळी पूर्ववत होते. पण ज्या घरात बाई अजून बाजूला बसते, तिथं ती या महिन्यात बसली नाही हे लगेच कळतं. एका सुनेला अशीच "गोड बातमी आहे का?" म्हणून विचारणा सुरू झाली. आधी नणंदेचा फोन, मग आत्याबाईंचा. तिनं पुढचं इंजेक्शन घेतलंच नाही. नंतर आली ती गरोदरपणाची नोंदणी करायला.

पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीला बायकांच्या ऑपरेशनपेक्षा कमी वेळ लागतो, त्रासही कमी. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. आमच्याकडे एक नवरा आपणहून तयार झाला होता. त्याच्या आईनं अडवलं. "कर्ता माणूस, जड कामं करायची त्याला. तिचंच करा."

तांबीला काय किंवा ऑपरेशनला काय, नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. बाईची स्वतःची संमती पुरते. हे मी प्रत्येकीला सांगते, पण चारचौघांत नाही. वजन करायचं म्हणून तिला आत घेते, दार लोटते. बाहेर आशाताई सासूबाईंशी बोलत बसतात. सासूबाईंशी माझं वैर नाही. एकीनं तर "माझे हाल झाले तसे हिचे नकोत" म्हणत सुनेला स्वतः आणलं होतं. पण आधी सुनेचं ऐकायचं. बाहेर काय सांगायचं, की काहीच सांगायचं नाही, तेही मी तिलाच विचारून घेते.