घुबडाच्या पेलेट्स आणि बिल्डिंगची मिटिंग

मी तरुण मुलामुलींसोबत वन्यजीव संवर्धनाचं काम करते. म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी घेणं, घरट्यांवर लांबून लक्ष ठेवणं, आणि आपल्या आसपासचे प्राणी त्यांना नीट माहीत व्हावेत म्हणून जे काही करता येईल ते. त्यातला एक प्रसंग लिहितेय कारण त्यात पोरांनी जे केलं ते माझ्या कितीही भाषणांनी झालं नसतं.

गटातला एक पंधरा वर्षांचा मुलगा, एरवी फारसा बोलत नाही, तो येऊन म्हणाला, ताई आमच्या बिल्डिंगच्या माळ्यावर घुबड आहे आणि सगळे म्हणतायत हाकलून द्या. रात्री किंचाळतं, अपशकुनी आहे, लहान पोरं घाबरतात वगैरे वगैरे. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून आणला होता. ऐकल्या ऐकल्या कळलं, गव्हाणी घुबड. हे घुबड घुऽघू करतच नाही, लांब खरखरीत किंचाळी मारतं, आणि पिल्लं असली की ती रात्रभर घोरल्यासारखा आवाज काढत खायला मागत बसतात. रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही आवाज होते, म्हणजे वर पिल्लं होती आणि हाकलणं म्हणजे ती मारणंच. मी विचारलं, खाली काळपट गोळे पडलेत का? म्हणाला, खूप पडलेत, त्या घाणीवरून तर जास्त आरडाओरडा चाललाय.

ते गोळे म्हणजे पेलेट्स. त्याला सांगितलं की वर अजिबात चढायचं नाही, हातमोजे आणि मास्क घालून खाली पडलेले तेवढेच गोळा करायचे. मग ते फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये चांगले तापवून घेतले, कारण त्यात जंतू असू शकतात आणि पोरांच्या हातात तसेच देणं बरोबर नाही.

पुढच्या भेटीत सगळ्यांना एकेक पेलेट, चिमटा आणि पांढरा कागद दिला. आधी सगळ्यांना वाटलं ही विष्ठा आहे, ई ई करून झालं. तर तसं नाहीये, घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचतं आणि केस-हाडं यांचा गोळा होऊन काही तासांनी तोंडावाटे बाहेर येतो. ससाण्यासारख्या पक्ष्यांच्या पोटातलं आम्ल जास्त तीव्र असतं त्यामुळे हाडं बरीचशी विरघळतात, घुबडाचं तेवढं तीव्र नाही म्हणून हाडं जशीच्या तशी मिळतात. पहिली कवटी निघाली आणि ई ई बंद झालं. मग शोधाशोध सुरू, ही उंदराची का चिचुंद्रीची? उंदराच्या पुढच्या दातांनंतर मोठी रिकामी जागा असते आणि मग दाढा, चिचुंद्रीला टोकदार दातांची सलग रांग असते, एवढं एकदा दाखवलं की पोरं स्वतःच ओळखायला लागली. बहुतेक पेलेट्समध्ये दोन-तीन कवट्या, एकात तर पाच. तो मुलगा कागदावर रकाने पाडून सगळं लिहीत होता, कोणी सांगितलं नव्हतं.

एकीने विचारलं, अंधारात एवढे उंदीर सापडतात कसे, वास येत असेल ना? मग मी त्यांना जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांचे प्रयोग सांगितले, तेच पेन ज्यांनी पुढे देवमाशांच्या गाण्यांवर काम केलं. त्यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पाला पसरून उंदीर सोडला, घुबडाने अचूक झडप घातली. नंतर उंदराऐवजी कागदाचा बोळा दोरीने ओढला तर त्यावरही झडप! म्हणजे वास नाही, उब नाही, फक्त आवाज. या घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात त्यामुळे आवाज वरून येतोय का खालून हेही त्याला कळतं.

आणि मग त्याच मुलीने असा प्रश्न विचारला की तिथून सगळं बदललं. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर? तो मुलगा लगेच म्हणाला, आमच्याकडे विषाच्या वड्या ठेवतात. खरं ते सांगितलं मी. ब्रोडिफॅकूमसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरत राहतो आणि तोच घुबडाला सोपा सापडतो, आणि हे विष घुबडाच्या यकृतात महिनोन्‌महिने राहू शकतं. म्हणजे उंदीर कमी करणाऱ्यालाच आपण मारतो! पोरं भडकली, मला ते आवडलं, राग यायलाच हवा.

रहिवाशांच्या मिटिंगमध्ये बोलायचं त्यांनीच ठरवलं. मी मागे बसले, मुद्दामच, कारण बाहेरून आलेली बाई प्राण्यांवर दया करा म्हणते तेव्हा लोक मान हलवतात आणि घरी जाऊन तेच करतात. मुलाने कवट्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हे सगळे आपल्याच बिल्डिंगच्या आसपासचे उंदीर आहेत. एक आजोबा म्हणाले घुबड घरावर बसलं की वाईट होतं. तो म्हणाला, आजोबा, ते वर राहतंय तेवढ्या काळात काय वाईट झालं ते सांगा, मी लिहून घेतो. हे उद्धटपणे नाही, खरंच वही उघडून विचारलं त्याने. आजोबा विचारात पडले. मग त्याने इस्राएलचं सांगितलं, तिथे १९८३ मध्ये स्दे एलियाहू नावाच्या वस्तीत शेतातल्या उंदरांसाठी विषाऐवजी या घुबडांना घरटं करता येईल अशा पेट्या लावायला सुरुवात झाली आणि २००२ मध्ये शेजारचा जॉर्डनही त्यात आला. यातलं मी त्याला फक्त पहिलं वर्ष सांगितलं होतं, बाकीचं त्याने स्वतः शोधलं.

सगळे काही तयार झाले नाहीत, दोन घरांचा विरोध अजूनही आहे. पण पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही, विषाच्या वड्या काढून सापळे लावायचे आणि खालची सफाई गटातल्या पोरांनी करायची असं ठरलं. पिल्लांना उडायला साधारण दोन महिने लागतात. सगळ्यात धाकटं जगलं नाही, या घुबडांची अंडी एकेक करून फुटतात त्यामुळे शेवटचं पिल्लू कायम मागे पडतं, पोरांना हे सांगताना जड गेलं पण लपवलं नाही. बाकीची उडाली.

आता माळ्याची डागडुजी निघालीय म्हणून बाहेर पेटी लावायचीय. कमिटीला ती कंपाउंडच्या टोकाला हवी आहे आणि पोरांना माळ्याच्याच भिंतीवर. मी पोरांच्या बाजूने आहे, कारण गव्हाणी घुबड शक्यतो आपली जागा सोडत नाही. पुढच्या मिटिंगसाठी मापं घेणं चालू आहे.