नेरळ ते माथेरान : एकवीस किलोमीटर आणि एक बोगदा

माथेरानचं ठरत होतं तेव्हा नवऱ्याचा प्लॅन अगदी सरळ होता. गाडी काढायची, दस्तुरीच्या पार्किंगला लावायची (त्याच्यापुढे मोटारींना बंदी), तिथून अमन लॉज स्टेशनला चालत जाऊन मिनी ट्रेनची शटल पकडायची आणि अकराच्या आत हॉटेलवर चहा प्यायचा. बाबांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "मग तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो." आता बाबा घर सांभाळतो म्हणाले की समजायचं काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणे अमन लॉज ते माथेरान जेमतेम तीन किलोमीटर, त्याला काय मिनी ट्रेन म्हणायचं, रिक्षात बसल्यासारखं. जायचं तर नेरळहून. पूर्ण. आणि चौथ्या मिनिटाला, आम्हाला पाठ झालेली ती बोगद्याची गोष्ट आलीच.

आईबाबा लग्नानंतर १९७९ मध्ये माथेरानला गेलेले. तेव्हा वाफेचं इंजिन होतं, कोळशाचे कण उडायचे, आईच्या नव्याकोऱ्या साडीला ठिणगीने पडलेलं बारीक भोक अजून आहे (साडीपण आहे, कपाटात सगळ्यात खाली). आणि वाटेत एकच बोगदा लागतो, त्याचं नाव वन किस टनेल. ब्रिटिश काळापासूनचं नाव, बोगदा एवढाच की काळोखात एक पापा घेईपर्यंत संपतो. बाबा एवढं सांगून थांबतात आणि नुसते हसतात, आई उठून आत जाते. आम्ही लहान होतो तेव्हापासून हे असंच चालू आहे.

तर ठरलं, नेरळहून. डिसेंबरचा दुसरा आठवडा, मुद्दाम मधला वार, मुलांची शाळा दोन दिवस बुडवली. माझी लेक ओवी नऊ वर्षांची, भाचा चिनू सहाचा, आईबाबा आणि आम्ही दोघं. तिकिटाची गंमत अशी की आधी बुकिंग वगैरे काही नाही, नेरळच्या खिडकीवर गाडी सुटायच्या पाऊण तास आधी तिकिटं द्यायला सुरुवात करतात आणि डबे मोजकेच, त्यामुळे लवकर जाऊन रांगेत उभं राहणं हा एकच उपाय. नवऱ्याला पहाटेच्या कर्जत लोकलने पुढे पिटाळला. आम्ही मागून डोंबिवलीहून निघालो, उलट्या दिशेची लोकल म्हणून बसायला जागा, बदलापूर सोडलं की वांगणी, शेलू, धुकं, बांधावर बगळे. बाबा चारलाच उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते आणि लोकलमध्ये दर स्टेशनला "आता किती राहिली" असं तेच विचारत होते, चिनू नाही.

नेरळला उतरलो तर पूल ओलांडायच्या आधीच एकजण मागे लागला. "मिनी ट्रेन बंद आहे साहेब, टॅक्सीने चला, वीस मिनिटांत सोडतो." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच दुसऱ्या कुटुंबाकडे वळला. पण खरं सांगते, क्षणभर पोटात गोळा आला होता, कारण ही गाडी बंद पडण्यात तरबेज आहे. २००५ च्या जुलैच्या पावसात रूळच वाहून गेले ते पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, म्हणजे नेमकं शंभरावं वर्ष. २०१६ मध्ये डबे रुळावरून घसरले म्हणून बंद. मग २०१९ च्या पावसाने पुन्हा वाट लावली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी सुटली. शिवाय दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंदच असते, वरची शटल तेवढी चालू. त्यामुळे "बंद आहे" हे वाक्य माथेरानच्या बाबतीत कधीही खरं असू शकतं.

नवरा रांगेत अकरावा होता. पहिल्या गाडीची सहा तिकिटं मिळाली, सेकंड क्लासची. तो तिकिटं हातात धरून असा आला जणू मॅच जिंकलाय.

प्लॅटफॉर्मवर ती गाडी बघून चिनू पहिल्यांदा काय म्हणाला तर "ही खरी आहे?" रुळांमधलं अंतर दोन फूट. दोन फूट म्हणजे ओवीने बॅग खाली ठेवून पाय फाकवून उभं राहून बघितलं, दोन्ही रुळांवर सहज पाय. तिथेच जुनं वाफेचं इंजिन मांडून ठेवलंय, बाबा त्याच्याजवळ गेले, हात लावला, आणि हाताकडे बघितलं. काही लागलं नव्हतं, रंग दिलेला होता. जरा हिरमुसले असं मला वाटलं.

डब्यात समोरासमोर बाकं. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात, त्यामुळे ओळख करून घ्यावीच लागते. आमच्यासमोर नाशिकचं एक जोडपं आणि त्यांची भलीमोठी चिवड्याची पिशवी, नेरळ सुटायच्या आत ती पिशवी सार्वजनिक झाली.

गाडी सुटली आणि चिनूचा दुसरा प्रश्न, "ही फास्ट कधी होणार?" नाही होणार. एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात. सुरुवातीला मेन लाइनच्या शेजारून थोडं जाते, मग वळून घरांच्या मागून, लोकांच्या परसातून, एका बाईने वाळत घातलेली चादर हाताला लागेल इतक्या जवळून, आणि मग चढ सुरू होतो तो वरपर्यंत सोडत नाही. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ आहे काही ठिकाणी. दातेरी चाकं वगैरे काही नाही, नुसतं वळणं घेत घेत जायचं. वळणं पण अशी की खिडकीतून इंजिन शेजारून उलट्या बाजूला जाताना दिसतं, आणि आपण आत्ता ज्या रुळावरून आलो तो रूळ खाली दिसतो.

हे सगळं बांधलं सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने. खर्च त्या काळातले सोळा लाख, मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. सरकारी नाही, एका घराने आपल्या खिशातून काढलेली रेल्वे! नवऱ्याने लगेच हिशोब मांडला की आपलं टू बीएचके केवढ्याला पडलं. मी म्हटलं गप्प बस आणि बाहेर बघ.

बाबांनी मुलांना ब्रेकवाल्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी डब्यांच्या मधे माणसं उभी असायची, इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक फिरवायची, उतारावर तर त्यांच्याच जिवावर गाडी. आता डबे घसरण्याच्या त्या अपघातांनंतर एअर ब्रेक बसवलेत. चिनूला एअर ब्रेकमध्ये काडीचा रस नव्हता, त्याला तो शिट्टीवाला माणूस व्हायचं होतं, पुढचा अर्धा तास दर वळणाला तो खिडकीचा दांडा धरून कचकच ब्रेक लावत बसला.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. छोटंसं स्टेशन, आजूबाजूला झाडी. आदिवासी बायका पानांच्या द्रोणात आवळे आणि बोरं घेऊन खिडकीखाली उभ्या, सोबत मिठाची पुडी. आईने दोन द्रोण घेतले. ती बाई म्हणाली, "आवला खाऊन पानी प्या, गोड लागंल." ओवीने आवळा चावला, तोंड वेडंवाकडं केलं, पाणी प्यायली आणि एकदम डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांची होईपर्यंत हिला हे आपण दाखवलं नाही याची मला जरा लाजच वाटली.

जुम्मापट्टी सुटल्यावर बाबा सावरून बसले. "आता येईल बोगदा. लक्ष ठेवा." शर्टाची कॉलर नीट केली, मी खरंच सांगते. आई खिडकीबाहेर बघत होती, कान लाल. ओवी मला कोपराने ढोसत होती, नाशिकच्या काकू गालात हसत होत्या कारण एव्हाना त्यांनाही गोष्ट सांगून झाली होती. गाडी आपल्या चालीने कुंईकुंई करत चढत होती, ऊन बरोबर खिडकीतून मांडीवर येत होतं, डब्याचा तो एका लयीत झुलण्याचा प्रकार, पहाटे चारला उठलेला माणूस. पाचच मिनिटांत बाबांची मान आईच्या शालीवर टेकली.

मी उठवायला हात पुढे केला तर आईने तो धरला. "असू दे गं."

"अगं पण बोगदा..."

"झोपू दे."

आणि बोगदा आला. अंधार झाला, अख्ख्या डब्यातून पोरांची एकच किंकाळी, पुढच्या डब्यात कुणीतरी शिट्टी मारली, आणि उजेड. संपला. मी मोजायला सुरुवात केली होती, तीनच्या पुढे गेले नाही. बाबा गाढ, तोंड किंचित उघडं, हातात अर्धा आवळा.

आई एकदम बारीक आवाजात म्हणाली, "तेव्हापण हे झोपलेच होते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा हसू आवरेना, तोंडावर ओढणी धरली. म्हटलं अगं मग इतकी वर्षं ते सांगतात ते काय? तर म्हणाली, आदल्या रात्रीचं जागरण, लग्नघरातून आलेलो, डोळा लागला. पुढे वॉटर पाइप स्टेशनला जाग आली तेव्हा विचारलं, बोगदा गेला का? मी म्हटलं गेला. "मग पुढचं तूच बघ, त्यांनीच जुळवलं असेल." एवढं बोलून तिने बाबांच्या हातातला आवळा अलगद काढून कागदात गुंडाळला.

वॉटर पाइपला गाडी थांबली. वाफेच्या इंजिनांना पाणी इथे लागायचं म्हणून ते नाव, आता चहा-वडा मिळतो. गाडी थांबल्याच्या धक्क्याने बाबा जागे झाले, चष्मा नीट केला, इकडेतिकडे बघितलं.

"बोगदा गेला का?"

"गेला," आई म्हणाली.

मी पटकन उठून चहा आणायला गेले.

तिथून वर तर नुसती मजा आहे. एका बाजूला कातळ, एका बाजूला दरी आणि मधे कमरेएवढा कठडा, कुठे कुठे तोही नाही. समोर पेबचा किल्ला, वाटेत कड्यावरचा गणपती, एका कातळात मिनी ट्रेनच्याच एका चालकाला जाता-येता गणपतीचा आकार दिसायचा, त्याने लोकांना जमवून ती मूर्ती घडवली असं सांगतात. सगळ्या डब्याने उभं राहून हात जोडले तेव्हा डबा त्या बाजूला कलला की काय असं मला वाटलं, नवरा म्हणाला कललाच. खाली नेरळचं खोरं, उल्हास नदीची वाकडी रेघ आणि तिच्या बाजूने एक कर्जत लोकल चाललेली. चिनू ओरडला, "ती बघा खेळण्यातली ट्रेन!"

माथेरानबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी पाहिलंय. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चढून आला आणि इंग्रजांनी बंगले बांधले, अजूनही गावात मोटारींना बंदी, लाल माती, घोड्यांची लीद, आता ई-रिक्षा पण धावतात. इको पॉइंटला ओवीने स्वतःच्याच नावाने अर्धा तास हाका मारल्या. शार्लोट तलावाजवळ माकडाने नवऱ्याच्या हातातलं कणीस नेलं, सोलून खाल्लं आणि उरलेला दांडा त्याच्याकडेच फेकला. बाजारात चिक्की, चपला, मध. भाई कोतवालांचं हे जन्मगाव, वकिली शिकलेला माणूस बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाला आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात मारला गेला, अवघा तीस वर्षांचा. हे बाबांनी मुलांना चौकात उभं राहून सांगितलं, त्यात मात्र एक अक्षर पदरचं नव्हतं.

परत येताना खाली जाणाऱ्या गाडीची तिकिटं आमच्या पुढच्या चौघांपाशी संपली. मग शटलने अमन लॉज, तिथून दस्तुरी आणि टॅक्सी. टॅक्सीवाल्याने खरोखर वीसेक मिनिटांत नेरळला आणून टाकलं, ओवीला दोनदा उलटी झाली, आणि बाबा पूर्ण रस्ता पुढच्या सीटवर गप्प, घड्याळ बघत. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "याला काय अर्थ आहे."

रात्री घरी आलो. बॅगा हॉलमध्ये तशाच. आई ओट्यावर चिक्की वरवंट्याने फोडत होती कारण ती माथेरानची चिक्की दाताने फुटते असं ज्याला वाटतं त्याने ती खाल्लेलीच नाही. बाहेर बाबा पुण्याच्या आत्याशी फोनवर. गाडी, गर्दी, हवा, सगळं सांगून झालं. मग आवाज जरा खाली.

"आणि बोगदा गं... तसाच आहे अगदी. मिट्ट काळोख."

आईचा वरवंटा मधेच थांबला. ओवीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग आईने चिक्कीचा एक मोठा तुकडा उचलून ओवीच्या तोंडात कोंबला.