नाशिक ते पिंपळगाव बसवंत, एडीसी बोर्डासह: तीन फेऱ्या आणि एक मराठी फोल्डर

ज्या लॅपटॉपवर एडीसी बोर्डाचं (वजनकाट्याचा बारीक विद्युतदाब आकड्यांत बदलणाऱ्या चिपच्या चाचणी-बोर्डाचं) सॉफ्टवेअर टाकायचं आहे, त्यावर विंडोजचं खातं देवनागरी नावाने उघडलेलं असेल तर बोर्ड पिशवीतून काढूच नका. आधी इंग्रजी अक्षरांत नाव असलेलं नवीन खातं उघडा, मग बाकीचं. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा. मला हे कोणी सांगितलं असतं तर पिंपळगावची एक अख्खी फेरी वाचली असती.

आता काम काय होतं ते. पिंपळगावला आप्पांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. निर्यातीची पेटी भरताना टेबलावरचा वजनकाटा सात-आठ ग्रॅम इकडेतिकडे पळतो. पेटी कमी भरली तर माल परत येण्याची भीती, म्हणून बायका प्रत्येक पेटीत दोन-चार मणी जास्तच टाकतात. हंगामभराच्या पेट्यांचा हिशेब केला की ते मणी फुकट जातात. काट्याचा लोडसेल (वजनाचा दाब विजेत बदलणारा भाग) २० किलोचा, २ मिलिव्होल्ट प्रतिव्होल्टचा. ५ व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे एका ग्रॅमला अर्धा मायक्रोव्होल्ट. एवढं बारीक मोजायला २४ बिटचा एडीसी लागतो. स्वतःचं पीसीबी काढण्याआधी तो चिप खरंच जमतो का, हे बघायला मी त्याचा इव्हॅल्युएशन बोर्ड, म्हणजे चाचणीसाठीचा तयार बोर्ड, मागवला. लोडसेल, सोल्डरिंग, मल्टिमीटर हे तुम्हाला येतं असं धरूनच पुढे लिहितोय.

बोर्ड परदेशातून येणार असेल तर कुरिअरच्या केवायसीत जीएसटी क्रमांक भरा. मी घाईत आधार कार्ड पाठवलं. बिल ऑफ एंट्री (आयातीचं कस्टम्सचं कागदपत्र) माझ्या व्यक्तिगत नावावर निघालं, आणि भरलेल्या १८ टक्के आयजीएसटीचं (आयातीवर लागणाऱ्या जीएसटीचं) क्रेडिट गेलं. वर कुरिअरवाल्यांनी ‘हाताळणी’ म्हणून वेगळे पैसे लावले. कशाचे, ते तीनदा विचारूनही कळलं नाही. हे पैसे टाळता येत नाहीत असं माझं मत झालंय, पण क्रेडिट नक्की वाचवता येतं.

पहिली फेरी मंगळवारी. इंदिरानगरहून निघून द्वारका चौकात पाऊण तास गेला. सकाळी नऊ ते साडेदहाच्या मध्ये द्वारकेच्या वाटेला जाऊ नका, आठच्या आत आडगाव ओलांडा. पुढे ओझर, मग पिंपळगाव, सगळं मिळून तीसेक किलोमीटर. रस्त्याचा त्रास नाही.

पेटीत बोर्डासोबत एक गुळगुळीत कार्ड होतं, त्यावर तीन चित्रं. पहिल्या चित्रात यूएसबी केबल बोर्डाला लावलेली. मी लावली. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला, पण लॅपटॉपने काही आवाज केला नाही. अर्धा तास मी बोर्डालाच दोष देत होतो. केबल आदल्या संध्याकाळी महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानातून अडीचशे रुपयांना घेतलेली, ‘डेटा केबल आहे ना?’ असं विचारून घेतलेली. ती नुसती चार्जिंगची निघाली. आत दोनच तारा. दुकानातच स्वतःच्या फोनला आणि त्यांच्या संगणकाला लावून फाइल जाते का बघा, त्याशिवाय पैसे देऊ नका.

आप्पांच्या पुतण्याच्या फोनची केबल लावली तेव्हा आवाज आला, आणि खरी चूक तिथेच झाली. सॉफ्टवेअर आधी टाकायचं असतं आणि बोर्ड मग जोडायचा असतो. हे मार्गदर्शिकेच्या चौथ्या पानावर ठळक लिहिलंय, पण कार्डावर नाही. आधी बोर्ड जोडला की विंडोज स्वतःच्या अंदाजाने काहीतरी ड्रायव्हर लावतं, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दाखवत बसतं. नंतर योग्य ड्रायव्हर टाकला तरी जुनी नोंद चिकटून राहते. तुमच्याकडून असं झालंच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करा, अनइन्स्टॉल निवडा, आणि ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा’ या चौकटीत खूण करायला विसरू नका. ती खूण नसेल तर पुन्हा केबल लावताच तोच त्रिकोण परत येतो.

त्या दिवशी सॉफ्टवेअर पडलंच नाही. मी उतरवून आणलेली फाइल जेमतेम दोन एमबीची होती. ती नुसता दरवाजा उघडते, बाकी सगळं इंटरनेटवरून ओढते. पॅकहाउसच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये फोम. आत मोबाइलला एक काडीसुद्धा येत नाही. लॅपटॉप घेऊन गेटपाशी क्रेटवर बसलो, हॉटस्पॉट लावला, तीनदा मध्येच तुटलं. परत फिरलो. तुम्ही पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर घरूनच पेनड्राइव्हवर घेऊन जा, सोबतचे रनटाइमही (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या जोडफाइली). उत्पादकाच्या पानावर तो खाली बारीक अक्षरांत असतो.

बुधवारी अंबडच्या माझ्या वर्कशॉपमधल्या डेस्कटॉपवर सगळं करून पाहिलं. वीस मिनिटांत पडलं, बोर्ड ओळखला, इनपुटच्या दोन तारा एकमेकींना जोडून (शॉर्ट करून) नोंदी घेतल्या. छान दिवस होता, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार. दुसरी फेरी. याबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे.

तेच पेनड्राइव्ह, तेच इन्स्टॉलर. डबल क्लिक केलं, परवानगी विचारली, हो म्हटलं, हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत गेली आणि खिडकी नाहीशी झाली. चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही. पुन्हा केलं, तेच. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, तेच. अँटिव्हायरस बंद केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, जुनी आवृत्ती टाकून पाहिली. दुपारचे दोन वाजले. बाहेर माल येत होता, आप्पा दर अर्ध्या तासाने डोकावून ‘झालं का भाऊ?’ विचारत होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुतण्याला वाटलं पेनड्राइव्ह खराब असेल, म्हणून त्याने सगळ्या फाइली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. त्यानेही काही झालं नाही. विंडोज नव्याने टाकावं असाही विचार आला होता. तसं केलं असतं तर त्यावरचे आप्पांचे निर्यातीचे सगळे कागद गेले असते.

साडेतीनच्या सुमारास मला टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये इन्स्टॉलरची लॉग फाइल सापडली. शेवटच्या ओळीत सी ड्राइव्ह, मग यूजर्स, आणि पुढे चार प्रश्नचिन्हं. चार. पुतण्याने लॅपटॉप घेतला तेव्हा खात्याला आपलं नाव मराठीत दिलं होतं, आणि विंडोजने त्याच नावाचा फोल्डर केला होता. नाव देवनागरीत बरोबर चार खुणांचं.

का अडतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही हेच ओळखता येईल. जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या एकाच संकेतपद्धतीत) बोलत नाहीत, ते विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजमधून, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या तक्त्यातून, अक्षरं मागतात. देवनागरीसाठी तसं कोडपेज विंडोजमध्ये नाहीच, मराठी आणि हिंदी केवळ युनिकोडमधूनच चालतात. मग रूपांतर करताना प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात चालतच नाही. म्हणजे इन्स्टॉलर असा फोल्डर शोधत होता जो असूच शकत नाही. वर्कशॉपमधल्या माझ्या संगणकावर खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत आहे, म्हणून तिथे काही कळलं नाही.

कारण कळल्यावरही तास गेला, कारण मी आधी दोन चुकीचे उपाय केले. एक म्हणजे खात्याचं नाव बदललं. त्याने फक्त लॉगिनला दिसणारं नाव बदलतं, फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. दुसरं, टेम्पची जागा सी ड्राइव्हमधल्या एका साध्या फोल्डरवर नेली. त्याने इन्स्टॉल झालं, मला आनंद झाला, आप्पांना आवाजही दिला. पण प्रोग्राम उघडताच बंद. तो आपल्या सेटिंग्ज डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो आणि डॉक्युमेंट्स त्याच मराठी फोल्डरच्या आत. खरा उपाय एकच: इंग्रजी अक्षरांतलं नवीन लोकल खातं, त्याला ॲडमिनचे हक्क, त्या खात्यात लॉगिन, मग इन्स्टॉल. नाव छोटं ठेवा, मध्ये जागा सोडू नका. फोल्डरचं नाव रजिस्ट्रीतून बदलण्याच्या फंदात दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पडू नका.

मला याचा अजूनही राग येतो. आपल्या भाषेत आपलं नाव लिहिणाऱ्या पोराचं काहीच चुकलेलं नाही. हजारो रुपयांच्या बोर्डासोबतच्या सॉफ्टवेअरने निदान एक ओळ दाखवून सांगायला हवं होतं.

सहा वाजता सॉफ्टवेअर उघडलं, बोर्ड दिसला, मी नोंदी न घेता घरी आलो. हात थरथरत होते. थकलेल्या डोक्याने जम्पर (बोर्डावरच्या जोडण्या बदलणाऱ्या छोट्या टोप्या) हलवू नका, हा सल्ला त्या संध्याकाळचाच आहे.

शनिवारी तिसरी फेरी. सात वाजता निघालो, आठच्या आत पोचलो.

पहिली गोष्ट: सॉफ्टवेअरमधला रेफरन्सचा (ज्या व्होल्टेजशी तुलना करून चिप मोजतो त्याचा) आकडा. तो मुळात २.५ व्होल्ट लिहिलेला असतो, आणि लोडसेलसाठी आपण जम्पर बदलून ५ व्होल्टचं एक्सायटेशनच (लोडसेलला दिलेला पुरवठाच) रेफरन्सला देतो. जम्पर बदलला हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते आपल्या आकड्याने गुणाकार करतं आणि सगळं निम्मं दाखवतं. हातानेच ५ लिहा. एक्सायटेशन आणि रेफरन्स एकाच ठिकाणाहून घेतल्याने व्होल्टेज थोडं हललं तरी वजन हलत नाही, म्हणून हा जम्पर बदलणं टाळू नका.

दुसरी गोष्ट: गेन (संकेत किती पट वाढवायचा तो आकडा) १२८ ला, सेकंदाला १० नमुन्यांवर, इनपुट शॉर्ट करून घेतलेला हिस्टोग्राम (आकडे किती पसरतात त्याचं चित्र). माझा आरएमएस नॉइज (आकड्यांचं सरासरी हलणं) ३० नॅनोव्होल्टच्या आसपास आला. टोकापासून टोकापर्यंतचा धरायला त्याला ६.६ ने गुणा: ०.२ मायक्रोव्होल्ट, म्हणजे वजनात ०.४ ग्रॅम. पूर्ण आवाका ७८ मिलिव्होल्टचा, तेव्हा न हलणारे बिट साडेअठराच्या जवळ. २४ बिट लिहिलंय म्हणून २४ मिळतील अशी आशा ठेवू नका, आणि साडेअठरा मिळाले म्हणून निराशही होऊ नका. आपल्या कामाला पुरतात.

मग खरा लोडसेल जोडला, वेग सेकंदाला ८० नमुने केला आणि एफएफटी (कोणत्या वारंवारतेचा गोंगाट आहे ते दाखवणारा आलेख) उघडला. ३० हर्ट्‌झवर सुळक्यासारखं टोक. कन्व्हेअरच्या मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हच्या पट्टीवर बघितलं तर तिथेही ३०.० हर्ट्‌झ. मी आप्पांना खात्रीने सांगितलं, चोर सापडला, ड्राइव्हच बदलावा लागेल. त्यांनी कन्व्हेअर थांबवला, बायकांचे हात थांबले. टोक जिथल्या तिथे.

ते विजेच्या लाइनचं ५० हर्ट्‌झ होतं. सेकंदाला ८० नमुने घेतले की ४० च्या वरचं सगळं खाली दुमडून येतं, आणि ८० मधून ५० गेले की ३० उरतात. ड्राइव्हवरचा ३० हा नुसता योगायोग. मी पंधरा मिनिटं माल अडवून धरला आणि आप्पांना जवळजवळ नवा ड्राइव्ह घ्यायला लावत होतो. एफएफटीतल्या टोकाला नाव देण्याआधी नमुन्यांचा वेग बदलून बघा. टोक हललं तर ते दुमडून आलेलं आहे.

शोधत गेलो तर लोडसेलची केबल प्रीकूलिंगच्या (माल थंड करण्याच्या) कॉम्प्रेसरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून आलेली, आणि तिचं शिल्ड (तारांवरचं धातूचं आवरण) कुठेच जोडलेलं नव्हतं, दोन्हीकडे कापून टेप मारलेला. शिल्ड एकाच टोकाला, मोजणाऱ्या बाजूला जोडलं. दोन्हीकडे जोडू नका, अर्थिंगमधून विजेचा वळसा (ग्राउंड लूप) तयार होतो. लॅपटॉपचा चार्जरही काढला. तिथल्या एक्स्टेंशन बोर्डाला अर्थिंगच नव्हती. वेग १० वर आणला, कारण तेव्हा चिपमधल्या फिल्टरचा खड्डा (जी वारंवारता तो गाळून टाकतो ती जागा) नेमका ५० हर्ट्‌झवर येतो. सिंक-४ फिल्टरला स्थिर व्हायला चार नमुने, म्हणजे ०.४ सेकंद लागतात. पेटी ठेवून हात काढेपर्यंत तेवढा वेळ जातोच. कॉम्प्रेसर चालू असताना ५ किलोचं वजन एका ग्रॅमच्या आत थांबलं. मला इतका आनंद झाला की मी ते वजन सातआठ वेळा उचलून ठेवलं.

लॅपटॉपवरचं ते नवीन खातं काम झालं म्हणून पुसू देऊ नका, सगळ्या सेटिंग्ज त्यातच आहेत. मी पुतण्याला जम्परचा फोटो काढून टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगितलंय. हंगाम संपेपर्यंत तो रोज सकाळी अर्धा तास नोंदी घेणार आहे.

रविवारी आप्पांचा फोन आला. शिल्ड जोडल्यापासून जुना काटाही दोन ग्रॅमच्या आत राहतोय म्हणाले. म्हणजे निम्मं दुखणं केबलचंच होतं. ते मी बोर्ड मागवण्याआधी, ट्रेचं झाकण उघडून, दहा मिनिटांत बघू शकलो असतो. तुम्ही आधी ते झाकण उघडा. नवा काटा करायचाच आहे, आप्पांना एक ग्रॅम हवाय, पण आता पीसीबी पुढच्या हंगामासाठी.