मुकी तालीम

कानामागे दुखतंय, असं माझी गाण्याची विद्यार्थिनी म्हणाली तेव्हा युवक महोत्सवाला अठरा दिवस उरले होते. नाट्यगीताची स्पर्धा होती. पद निवडलं होतं १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकातलं, भास्करबुवा बखल्यांनी यमन रागात बांधलेलं रुक्मिणीचं. दोन दिवसांनी बोलतानाही आवाज फाटायला लागला, तशी मी तिला नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीतून पाहून डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंना सूज आहे, असंच चालू राहिलं तर गाठी धरतील. सात दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही.

संध्याकाळी ती मिरजेतल्या माझ्या वर्गात आली, वहीत लिहून मला दाखवलं : "ताई, आता?"

दोष माझाच होता, हे मला तेव्हाच कळलं. महिनाभर मी तिला दोनच गोष्टी सांगत होते : "आवाज मोकळा सोड" आणि "चेहऱ्यावर भाव आण". दोन्ही सूचना बरोबर आणि दोन्ही निरुपयोगी, कारण ते कसं करायचं हे मी सांगितलंच नव्हतं. मग ती जोर लावायची आणि एक ठरावीक हसू चेहऱ्यावर बसवून गायची. शिवाय काळी पाच, म्हणजे पेटीतली पाचवी काळी पट्टी 'सा' धरून गाणं. आधीच्या शिक्षिकेकडे ती काळी पाचमध्ये शिकली होती, आणि पट्टी उतरवणं म्हणजे हार, असं तिला वाटायचं. काळी पाचचा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला 'सा', लावताना सेकंदाला साधारण ४६६ वेळा स्वरतंतू एकमेकांना भिडतात. काळी चारला ४१५. त्यात घसा आवळलेला असला, तर तेवढ्याच वेळा ते एकमेकांवर आपटतात.

घरी बसून ती रडली असती, म्हणून म्हटलं, रोज येत जा. गायचं नाही. मी पेटीवर पद वाजवीन, तू रंगमंचावर उभी असल्यासारखी उभी राहा. तोंड बंद, ओठही हलवायचे नाहीत. पद नुसतं मनातून जाऊ दे.

पहिल्या दिवशी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. अंतऱ्यात पेटी तार षड्जाकडे निघाली आणि अजून दोन मात्रा बाकी असतानाच तिची हनुवटी वर गेली, खांदे कानांकडे सरकले, जबडा घट्ट झाला. गळ्यातून आवाज निघत नव्हता, तरी शरीर त्या स्वराशी झटापट करत होतं. एरवी ती गाताना माझं लक्ष सुराकडे असायचं. सूर लागला की मी पुढे जायची. तो सूर ती कशाच्या बळावर लावते आहे, हे आवाज बंद झाल्यावर मला दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून मी न सांगता काळी चार धरली. तिचा एक तळवा खालच्या बरगड्यांवर ठेवायला लावला. श्वास घेताना तिथं रुंदावलं पाहिजे, छाती उचलली जाता कामा नये. हळूहळू षड्ज यायचा आणि हनुवटी जागच्या जागी राहायची. पण हसू मात्र तसंच. पाटीवर काढल्यासारखं.

चौथ्या दिवशी पेटी मिटली. पदाचे शब्द मी नुसते बोलून दाखवले, चालीशिवाय, घरात बोलावं तसे. रुक्मी बहिणीला शिशुपालाच्या गळ्यात बांधायला निघालाय आणि ही कृष्णाला आपला नाथ म्हणते आहे. विचारलं, "हे तू कुणाला सांगतेयस?" तिनं बराच वेळ लावला. मग लिहिलं : "दादाला. तो ऐकणार नाही, तरी."

नाटकातला प्रसंग तसाच आहे का, हे मी तपासत बसले नाही. पेटी पुन्हा उघडली. ते हसू गेलं होतं. नजर समोरच्या भिंतीवर एका जागी स्थिर, हात सैल. बोट उचलायला मी सांगितलं नव्हतं आणि तिनंही उचललं नाही. माझाच भाता क्षणभर थांबला.

त्या स्पर्धेत आम्ही भाग घेतला नाही. संयोजक नाराज झाले, पण एकोणीस वर्षांच्या गळ्यापेक्षा चषक मोठा नाही. सूज उतरल्याचं डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावर वाणी-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं सुरुवात केली : पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून हलकेच 'ऊ', मग ओठांची फुरफुर, मग मिटल्या तोंडी गुंजन. आधी दहा-दहा मिनिटं. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, बऱ्याच दिवसांनी.

गेल्या गुरुवारी तिनं वर्गात ते पद पहिल्यांदा पूर्ण गायलं, काळी चारमध्ये. सतरंजीवर बसलेली लहान मुलं चुळबुळ करायची थांबली. तार षड्जावर ती पूर्वीसारखी रेंगाळली नाही. लावला, सांगायचं ते सांगितलं आणि खाली आली.

"ताई, आवाज लहान वाटला का?"

"दारापर्यंत प्रत्येक शब्द पोचला," मी म्हटलं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मात्र श्वास अजून शब्दाच्या मधेच पडतो. तो पुढच्या गुरुवारी.