मिनेसोटाचं गॅरेज भोसरीत

माझा धंदा कोल्ड रूमचे दरवाजे बनवण्याचा. भोसरी एमआयडीसीत छोटी शेड आहे. गिऱ्हाईक म्हणजे आइस्क्रीमवाले, मटारवाले, औषधवाले. डिसेंबरच्या सुरुवातीला सदाशिव पेठेतले एक काका पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "गॅरेजला दार घ्यायचंय, उणे २५ साठी." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला की आपण शेकोटीचे फोटो पाठवत सुटतो.

गॅरेज मुलाचं, अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसला, घराला चिकटून. त्याच्या वरच्या खोलीत फेब्रुवारीपासून काकू राहणार होत्या, सुनेच्या बाळंतपणासाठी. गेल्या हिवाळ्यात त्या खोलीत काका दोन-दोन मोजे घालून झोपले होते. मुलाने मागवलेली तीन कोटेशनं त्यांनी छापून आणली होती, कडेला पेन्सिलीने खुणा. "आर-९, आर-१२, आर-१८. अठराच घ्यायचं ना?"

आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकं दार चांगलं. मी हो म्हणून मोकळा झालो. मग कागद वाचले. आर-९ वाल्यात दोन पत्र्यांच्या मध्ये नुसता सरकवलेला थर्मोकोल. बाकी दोन्हींत पफ, म्हणजे आत सोडून फुगवलेला फोम. तो पत्र्याला घट्ट धरतो, दार खडखडत नाही. इंचाला थर्मोकोल चारेक आर देतो, पफ सहाच्या आसपास. पण जाहिरातीतला आकडा असतो फळीच्या मधोमधचा. सांधे, कडा, तळाचं रबर यांचा हिशेब त्यात नसतो. १०० एमएमचं पफ लावा, गॅस्केट, म्हणजे कडेचं रबर, फाटकं असेल तर चौकटीवर बर्फ साचणारच, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. आणि इथे स्वतःच आकड्याला भुललो.

"पिशवीत काय आहे, काका?" त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला वीतभर काळा तुकडा काढला. जुन्या दाराच्या तळाचं रबर. तिकडून निघताना कशासाठी बॅगेत टाकलं, ते त्यांनाही सांगता येईना. इथे ते चपलेच्या पट्ट्यासारखं मऊ होतं. शेडमध्ये एक फ्रीजर रूम टेस्टिंगला उणे २० वर चालू होती. तुकडा आत ठेवला, चहा पिऊन आलो. बाहेर काढून वाकवायला गेलो तर वाकेना. अंगठ्याने जोर दिला तसा टक्कन चिरला. साधं पीव्हीसी. आमच्या दारांत लोंबणाऱ्या प्लास्टिक पडद्याच्या साध्या पट्ट्याही फ्रीजरमध्ये अशाच लाकडासारख्या होतात, म्हणून तिथे थंडीच्या वेगळ्या पट्ट्या लावतो. काका चष्मा वर करून बघत राहिले. "म्हणजे इतके दिवस दार लावलेलंच नव्हतं म्हणा की!"

रात्री आठला व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळचे साडेआठ. मुलाला दार बंद करून आतला दिवा घालवायला लावला. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून उजेड येत होता, आणि त्या फटींच्या आत बारीक बर्फाची रांगोळी. फळ्यांच्या सांध्यांवर आडव्या पांढऱ्या रेघा. छताचा जिप्सम बोर्ड एका कोपऱ्यात उचकटला होता. टॉर्च मारायला सांगितला; आत उष्णता अडवणाऱ्या ग्लासवूलचा पत्ता नाही. काकूंचे पाय नुसत्या दाराने काही उबदार होणार नव्हते.

मग ठरलं आर-१२, पण आतल्या-बाहेरच्या पत्र्यांमध्ये थर्मल ब्रेक, म्हणजे त्यांना एकमेकांना टेकू न देणारी पट्टी, असलेलं. नाहीतर कडेच्या पत्र्यातूनच गारवा आत येतो. तळाला ईपीडीएम रबर, ते त्या थंडीतही लवचीक राहतं. बाजूंना आणि वर सील, खिडक्या नकोत, वाचलेले पैसे छतात. दार वर उचलणारी स्प्रिंग नव्या दाराच्या वजनाचीच हवी, नाहीतर सगळा भार मोटरवर. आणि ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावायचा नाही. मुलगा इंजिनिअर, म्हणून हे दोनदा सांगितलं.

जानेवारीअखेर संध्याकाळी सातला काकांचा फोन. "तुमचं रबर जमिनीला चिकटलं! मोटर नुसती गुरगुरतेय, त्याला ऑफिसला जायचंय." गाडीच्या चाकांबरोबर आलेला बर्फ वितळून दाराखाली पाणी साचलं होतं आणि रात्रीत गोठलं होतं. म्हटलं, बटण दाबत बसू नका. आधी बर्फ हलक्या हाताने सोडवा, रबराला सिलिकॉन स्प्रे मारा आणि रोज झोपण्याआधी ते पाणी वायपरने बाहेर ढकला.

"वायपर मिळतो का हो तिकडे?"

मी मिळतो म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. काकूंच्या बॅगेतून फरशीचा वायपर, दांडा काढून, मिनेसोटाला गेला.